खडकाचा हिस्सा

कुरणवाडीच्या चौदा नंबरच्या बोअरमधून काढलेला खडक फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याच्या खडक-पाणी केंद्रात आला. मनगटाएवढ्या जाडीचे, हातभर लांबीचे काळे दांडे, पत्र्याच्या खोक्यांत ओळीनं मांडलेले. सारिका बोराटे सोळा वर्षं हेच काम करत होती. खोकं उघडायचं, दांडा धुवायचा, भिंगाखाली धरायचा आणि कितव्या मीटरवर काय दिसलं ते लिहायचं. राज्य सरकारच्या या छोट्या केंद्रात तिच्याइतका खडक वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकतीस मीटरवरचा तुकडा तिनं धुतला आणि हात तसाच पाण्याखाली राहिला. त्या खोलीवर खडक जाळीदार असायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी तिथून दहा पावलांवर काढलेला दांडा तिनं स्वतः वाचला होता आणि त्याच्या भोकांत तिची करंगळी जात होती. या तुकड्यात भोक म्हणून उरलंच नव्हतं. प्रत्येक भोकाच्या जागी पांढरा, टणक ठिपका. तिनं त्यावर आम्लाचा थेंब टाकला. तो फसफसला.

तिनं बत्तिसावा मीटर बघितला, तेहेतिसावा बघितला. मग ती स्टुलावर बसली. कुरणवाडी हे तिचं माहेर होतं.

महाराष्ट्राचं पठार लाव्ह्याच्या थरांचं बनलेलं आहे. एक थर ओतला गेला, थिजला, त्यावर दुसरा. प्रत्येक थराचा तळ घट्ट असतो. माथ्याशी मात्र वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात, म्हणून तो भाग चाळणीसारखा होतो. पावसाचं पाणी मुरतं ते या चाळणीत. पठारावरची विहीर म्हणजे त्या चाळणीपर्यंत खणलेला खड्डा, बाकी काही नाही. चाळणी बुजली की विहिरीला पाणी येण्याची वाट संपली.

आणि चाळणी बुजवण्याचं कामच पठाराखाली चाललं होतं, फक्त ते साडेतीनशे मीटर खोल चाललंय असं सगळ्यांना सांगितलं होतं. देशभरातल्या पोलाद-सिमेंटच्या कारखान्यांचा आणि वीजघरांचा कर्बवायू नळांनी इथवर यायचा, शहरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यात विरघळवला जायचा, सोड्याच्या बाटलीत असतो तसा, आणि दाबानं खाली सोडला जायचा. काळ्या खडकात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर. सोड्याचं आंबट पाणी ते विरघळवतं आणि वायूचा दोन वर्षांत पांढरा दगड होतो. कायमचा. जगात दुसरीकडे एवढा मोठा आणि एवढा सोयीचा खडक फार थोड्या ठिकाणी होता. योजनेचं नाव राष्ट्रीय वायुकोठार. ती चालवायला केंद्राचं महामंडळ होतं, आणि कायदा असा की दोनशे मीटरच्या खालचा खडक देशाच्या मालकीचा. धूर गाडल्याबद्दल बाहेरच्या देशांकडून जो मोबदला यायचा, तो दिल्लीला जायचा.

महामंडळाच्या शास्त्रज्ञांनी हिशेब बरोबर केला होता. मधले घट्ट थर वायू वर येऊ देणार नव्हते. पण पठारावर पन्नास वर्षं लोकांनी पाण्यासाठी बोअर मारले होते. हजार फूट, बाराशे फूट. पाणी न लागलेले बोअर तसेच सोडून दिलेले, कुठल्याच नकाशावर नसलेले. एकट्या कुरणवाडीत ते दोनशेच्या वर असतील. घट्ट थरांना सुईनं टोचावं तशी भोकं पडली होती आणि त्यांतून आंबट पाणी वर चढत होतं.

सारिकानं संध्याकाळपर्यंत संगणकावर आकडे मांडले. खाली सोडणं आज थांबलं, तर पठारावरची दोन तृतीयांश चाळणी वाचत होती. ऑक्टोबरनंतर थांबलं, तर काहीच वाचत नव्हतं. रसायनाला मागं फिरता येत नाही.

केंद्राचे प्रमुख हेरवाडकर सरांनी अहवाल दोनदा वाचला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, हळू बोलणारा माणूस.

"तुझी खात्री आहे ना, सारिका?"

"सर, माझ्याच गावाचा खडक आहे. खात्री नसती तर बरं झालं असतं."

"मग आपण दोघं उद्या मुंबईला जाऊ."

उद्योग खात्याच्या सचिव मृणाल कारखानीस यांनी त्यांना वाट बघायला लावली नाही. त्या अहवालाचं शेवटचं पान वाचून मग पहिल्याकडे वळणाऱ्या बाई होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"बोराटे मॅडम, तीन वर्षांपूर्वी विहिरींचं पाणी आंबट होतंय हा अहवाल तुम्हीच लिहिला होता ना? दिल्लीच्या समितीनं त्यावर काय शेरा मारला होता?"

सारिकाला तो पाठ होता. "'प्रादेशिक भावनेतून लिहिलेला.'"

"एक ओळ. तुमच्या दोन वर्षांच्या कामावर. हाही आज पाठवला तर तेच होईल. ते स्वतःची समिती नेमतील, ती वर्षभर फिरेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल." कारखानीसांनी कागदावर हात ठेवला. "पण वाटाघाटी सुरू होतायत. राज्याला मालकीत वाटा, निर्णयात वाटा. पहिल्यांदाच ते बसायला तयार झालेत. हा अहवाल आपला हुकमाचा एक्का आहे. योग्य दिवशी टेबलावर पडला, तर त्यांना उठून जाता येणार नाही. तोवर बाहेर फुटता कामा नये."

"आणि तोवर पाणी सोडणं चालूच राहणार?"

"दोन महिने. फक्त दोन."

सारिकानं हेरवाडकरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. समितीच्या त्या बैठकीत ती सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसली होती, तिला दोन मिनिटं मिळाली होती आणि अध्यक्षांनी तिच्या हिंदीची दुरुस्ती केली होती. ते आठवून आजही तिचे कान तापत. इथं कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या कामाला हुकमाचा एक्का म्हणत होतं. आणि मागणारं सरकार आपलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये ती कुरणवाडीला गेली. धाकटा भाऊ रणजित एसटी थांब्यावर गाडी घेऊन उभा होता. त्याची डाळिंबाच्या कलमांची रोपवाटिका होती. चार जिल्ह्यांतून लोक त्याच्याकडून कलमं न्यायचे. शिवाय गेली दोन वर्षं तो 'खडक आमचा, हक्क आमचा' या चळवळीचा तालुक्याचा माणूस झाला होता.

"अक्का, तुझं हापिस झोपलंय का जागं हाय?" गाडीत बसल्या बसल्या त्यानं विचारलं. "आमच्या खालचा दगड, आन् पैसा खातंय कोण? ज्या दगडाचे आमचे किल्ले झाले, त्यावर मालक म्हणून पाटी लागलीय महामंडळाची. ती पण हिंदीत आन् इंग्रजीत. मराठी अक्षर न्हाई!"

"पाटीचं नंतर बघ रे. थोरल्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"लई वर आलतं मागच्या साली. लोकांनी पेढे वाटले. यंदा जरा खाली हाय."

ते वर का आलं होतं, हे तिला माहीत होतं. खालून ढकललेलं पाणी होतं ते.

घरी आईनं चहा ठेवला. पातेल्याच्या कडेला पांढरा थर बसला होता, चाकूनं खरवडावा असा. "महिन्यात दोन पातेली गेली बघ," आई म्हणाली. "पाणीच जड झालंय."

दुपारी रणजित तिला रोपवाटिका दाखवायला घेऊन गेला. तिथून थोरली विहीर आणि मागचा सगळा डोंगर दिसायचा. त्या डोंगरावर सारिका सतरा वर्षांची असताना अख्ख्या गावानं पंचेचाळीस दिवस पावसाचं पाणी मुरवायला चर खणले होते. वडील मुकादमासारखे पुढं, आई पाट्या उचलायला, रणजित शाळा बुडवून. त्या पावसाळ्यानंतर जानेवारीत थोरल्या विहिरीला पाणी राहिलं, आणि मुंबईला माथाडी कामाला गेलेली तीस घरं परत आली. सारिकानं भूशास्त्र घेतलं ते त्या पाण्याकडे बघून. गावात लोक एकमेकांना अजून सांगायचे, हे पाणी कुणी दिलेलं नाही, आपण आणलेलं आहे.

"पुढच्या साली दुप्पट कलमं करणार," रणजित म्हणाला. "शेड वाढवतोय. कोल्हापूरचा माणूस येतोय मापं घ्यायला."

"एवढी घाई कशाला?"

"का गं?"

तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या हातात कलम बांधायची पट्टी होती. सारिका म्हणाली, "सहज. यंदा उन्हाळा कडक दिसतोय म्हणून."

"उन्हाळ्याला आपण कधी भ्यालो?" तो हसला आणि कामाला लागला. ती परतीच्या गाडीत स्वतःला सांगत राहिली की दोन महिन्यांतला एक झाला, आणखी एक.

दोनाचे चार झाले. जूनमध्ये चळवळीनं वडजच्या घाटातल्या नळाच्या मुख्य झडपेवर बैठक मारली. अकरा दिवस हजार-बाराशे माणसं तिथं बसली. मागणी एकच, राज्याला हिस्सा द्या. बाराव्या दिवशी लाठ्या पडल्या. रणजितच्या डाव्या हाताचं हाड मोडलं. टीव्हीवर सारिकानं त्याला रक्ताळलेल्या सदऱ्यानं घोषणा देताना पाहिलं आणि कारखानीसांना फोन लावला.

"मॅडम, आता टाका ना टेबलावर. मी चार वेळा आकडे पाठवलेत. रोज थोडी चाळणी बुजतेय."

"टाकलाय," कारखानीस म्हणाल्या. "गेल्या आठवड्यातच. म्हणून तर ते नरमलेत. थोडा धीर धरा."

सारिकाला हायसं वाटलं. अहवाल पोहोचला होता, म्हणजे आता कुणीतरी थांबवणार. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

करार ऑक्टोबरच्या नऊ तारखेला झाला. मिळालं ते थोडं नव्हतं. मोबदल्यात राज्याला पाचातले दोन हिस्से, महामंडळाच्या मंडळावर चार जागा, प्रत्येक पाटीवर मराठी सगळ्यात वर. योजनेचं नावही बदललं. राष्ट्रीय गेलं आणि सह्याद्री आलं. विधानसभेत विरोधकांनीसुद्धा बाकं वाजवली. साठ वर्षांत दिल्लीकडून एवढं कुणी काढून घेतलं नव्हतं, असं सगळेच म्हणत होते, आणि ते खरं होतं.

कराराचं नववं कलम हेरवाडकरांनी तिला त्यांच्या खोलीत वाचून दाखवलं. दोन्ही सरकारांनी खडकाबद्दल आजवर जमवलेली सगळी माहिती आता संयुक्त मालकीची. दोघांच्या संमतीशिवाय ती कुणालाही देता येणार नाही.

"म्हणजे माझा अहवाल?"

"त्याच्या बदल्यात तो हिस्सा मिळालाय, सारिका. मिटवण्याची किंमत म्हणून." त्यांनी चष्मा काढला. "आता आपणही भागीदार. पाणी सोडणं थांबलं तर आपलंही उत्पन्न थांबतं. कोण थांबवेल?"

"सर, तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "वाटत होतं, असं नको व्हायला."

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला होता. डोंगरावरचे चर काठोकाठ भरले आणि आठवडा झाला, दोन आठवडे झाले, तरी पाणी तसंच उभं. पूर्वी ते दोन दिवसांत जिरायचं. पोरं त्यात पोहली. गावाला आधी ते नवलच वाटलं. मग ते पाणी उन्हानं उडून गेलं. नोव्हेंबर लागला तेव्हा थोरल्या विहिरीवरची मोटर अर्धा तास चालायची आणि हवा ओढायची. झरे शोधायला रणजितनं विहिरीत दोन माणसं उतरवली. त्यांनी पहारीनं कपारी टोकरून पाहिल्या. कपारींत पांढरा दगड होता, सिमेंट भरल्यासारखा.

त्यानं एक खडा सारिकाला दाखवायला ठेवला. ती रविवारी सकाळी आली, तेव्हा तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. कराराच्या मिरवणुकीतला गुलाल अजून त्याच्या गाडीच्या फटींत होता. त्यानं खडा तिच्या तळहातावर ठेवला.

"अक्का, हे काय हाय?"

तिनं सांगितलं. चाळणी, आंबट पाणी, जुने बोअर, सगळं. सांगताना तिचा आवाज केंद्रात बोलायची तसा सरळ येत होता, त्याचीच तिला लाज वाटली.

रणजितनं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "परत येईल?"

"नाही."

"खोल केली तर?"

"खालचा थरही तसाच आहे."

त्यानं विहिरीत वाकून बघितलं. मग त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची वाट समोर होती. "फेब्रुवारीत," ती म्हणाली.

"एप्रिलात तू हितं आलतीस."

"हो."

"तवा थांबवलं असतं तर?"

"बरंच वाचलं असतं."

रणजित उठला. त्याचा मोडलेला हात अजून पुरता सरळ होत नव्हता. "अकरा दिवस मी त्या झडपेवर बसलो, अक्का. हजार माणूस होतं. नुसतं हात घालून फिरवायची होती, बंद होत होती. आम्ही हात लावला न्हाई. कारण आम्हाला बंद करायची नव्हती, हिस्सा पाहिजे होता. तू एक फोन केला असतास..."

"मला वाटलं, सरकार आपलं आहे. ते आपलं पाणी विकणार नाही."

"आपलंच हाय की," तो म्हणाला. "आपलंच हाय. दिल्लीचं असतं तर मी तुला काय बोललो नसतो."

डिसेंबरमध्ये त्यानं कलमं मिळेल त्या भावाला दिली, शेडचे पाइप उतरवले आणि आईला घेऊन तो भोसरीला एका कारखान्यात कामाला गेला. त्यानंतर त्यानं सारिकाला फोन केला नाही आणि तिचा घेतला नाही. आई अधूनमधून करायची. हात बरा आहे, जेवतो, म्हणायची. कुरणवाडीत पंचवीस-तीस घरं उरली. त्यांना पाणी टँकरनं यायचं. टँकरवर 'सह्याद्री वायुकोठार' असं ठळक मराठीत लिहिलेलं होतं.

सारिकानं राजीनामा लिहिला. हेरवाडकरांनी तो परत केला. "तुझी दोन्ही सरकारांच्या नव्या संयुक्त समितीवर नेमणूक झालीय. राज्याची प्रतिनिधी. तू गेलीस तर तुझ्या जागी खडक न बघता सही करणारा येईल." ते खरं होतं म्हणून ती राहिली, आणि ते खरं असूनही काही उपयोगाचं नाही, हे तिला पहिल्या दोन बैठकांत कळलं. तिची हरकत लिहून घेतली जायची. मग पुढचा विषय यायचा.

मार्चमध्ये समितीनं तिला शेजारच्या जिल्ह्यात पळसदऱ्याला पाठवलं. तिथल्या पठारावर नवा टप्पा सुरू व्हायचा होता आणि ग्रामसभेला योजना समजावून सांगायची होती. समाजमंदिरात दीडशे माणसं जमली होती. दारात रांगोळी होती. सरपंच शकुंतला गायके, पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई, त्यांनी तिला शाल-श्रीफळ दिलं.

सारिकानं महामंडळाची चित्रफीत लावलीच नाही. तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. कुरणवाडीचं नाव घेतलं. चर भरून पाणी कसं उभं राहिलं ते सांगितलं. नवव्या कलमाप्रमाणे हे बोलणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. दोन-तीन जण फोनवर ते टिपत होते. तिनं त्यांना अडवलं नाही.

मागच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आमच्या विहिरी किती साल चालतील?"

"तीन. जुने बोअर जास्त असतील तर दोन."

लोक आपापसात बोअर मोजायला लागले. माझे चार, वरच्या आळीत बारा, पाटलाच्या मळ्यात सात. थोड्या वेळानं मोजणं आपोआप थांबलं.

"आम्ही नाही म्हणून ठराव केला, तर नळ येणार नाही का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"येईल. तुमच्या नकाराची नोंद घेतली जाईल."

"आणि हो म्हटलं तर?"

"तरी येईल. हिस्सा मिळेल."

"कोर्टात गेलो तर?"

"कुरणवाडीचे लोक गेलेत. पहिली तारीख पुढच्या वर्षी आहे."

शकुंतलाबाईंनी सभेकडे बघितलं. कुणी मान वर केली नाही. त्यांनी पदर सावरला, ठरावाची वही पुढं ओढली आणि म्हणाल्या, "मग हिस्सा घेऊ. दोन वर्षांत पोरांची कुठंतरी सोय तरी लावता येईल."

पहिली सही त्यांनीच केली. मग माणसं एकेक करून उठली, वहीपाशी वाकली आणि चपला घालून बाहेर पडली. सारिका बाजूच्या खुर्चीवर बसून होती. शेवटची सही झाली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

ती निघायला उठली तशी शकुंतलाबाईंनी तिचा हात धरला. "अशा उपाशी कुठं निघालात? घर जवळच आहे. दोन घास खाऊन जा." वही काखेत मारून त्या पायऱ्या उतरल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "या की. पाणी अजून गोड आहे आमचं."